पाव नंबरवाले

चष्म्याच्या दुकानाच्या पाटीवर दुकानाचं नाव चांगल्या हातभर अक्षरांत रंगवलेलं होतं, पण ते कोणी वाचल्याचं ऐकिवात नाही. वाचता येत नाही म्हणून तर लोक तिथे यायचे. सगळे म्हणायचे, "जरा पाव नंबरवाल्यांकडे जाऊन येतो." हे नाव मालकांनी स्वतःच्या कर्तबगारीवर मिळवलं होतं. एखादा माणूस बाहेरून डोळे तपासून, नंबरचा कागद घेऊन आला, की ते कागद लांब धरायचे, भुवया चढवायचे आणि एक उसासा सोडून म्हणायचे, "बसा. बघू काय काय चुकवून ठेवलंय." मग त्याला खुर्चीत बसवायचं, नाकावर ते तपासणीच्या चौकटीचं धूड चढवायचं, भिंगं आत-बाहेर करायची, आणि शेवटी डॉक्टरांच्या नंबरात पाव नंबर वाढवायचा, नाहीतर पाव नंबर कमी करायचा. दुसऱ्याचा नंबर त्यांनी उभ्या आयुष्यात जसाच्या तसा ठेवला नाही.

गंमत अशी, की पाव नंबराने माणूस आंधळा होत नाही आणि डोळसही होत नाही. त्यामुळे इतक्या वर्षांत त्यांची चूक कधी उघडकीला आली नाही. ज्याची चूक कधीच उघडकीला येत नाही तो हळूहळू स्वतःला तज्ज्ञ समजू लागतो, त्याला ते तरी काय करणार?

रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर, डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. तो पाव नंबरवाल्यांच्या डोळ्यांत सलायचा. "चांगल्या बघत्या माणसाच्या डोळ्यात थेंब टाकतात आणि त्याला दुपारभर धुक्यात बसवतात," ते गिऱ्हाइकाला सांगायचे. "मग आत उजेड मारून बघतात. अहो, डोळा बाहेर बघायला दिलाय. आत काय बघायचं?" हे वाक्य त्यांना इतकं आवडलं होतं, की येईल त्याला ऐकवायचे. गल्ल्यामागे बसलेली त्यांची बायको तेव्हा नुसते ओठ हलवून ते त्यांच्याबरोबर म्हणायची. तिला आपण वहिनी म्हणू, कारण या गोष्टीत ती ज्या नात्याने येते ते नातं तेच आहे.

ती जिची वहिनी, ती पाव नंबरवाल्यांची धाकटी बहीण. तिशी उलटली होती, शाळेत शिक्षिका होती, चाळीस पोरांचा वर्ग एका नजरेत गप्प करायची, तरी घरात तिचं नाव छोटी. आईवडील लवकर गेले. भावाने तिला याच दुकानात, भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याखाली बसवून वाढवलं, शिकवलं, नोकरीला लावलं. पाव नंबरवाल्यांचा जगात कोणावर जीव असेल तर तो या बहिणीवर, आणि जीव लावायची त्यांची रीत एकच होती. ते चष्मा करून द्यायचे. लग्नानंतर बायकोला पहिली भेट काय दिली हे वेगळं सांगायला नको. वहिनीला तेव्हा नंबरसुद्धा नव्हता.

तर एक दिवस छोटी म्हणाली, "दादा, मला मधेच समोरचं विझल्यासारखं होतं रे. फळ्यावर लिहिताना मान वर केली की जास्त."

दादांचे डोळे चमकले. "बस," ते म्हणाले. ती बसली. खुर्चीत पाठ टेकून, हात मांडीवर ठेवून, मान सरळ धरून तिने तक्ता वाचला. एकदोन अक्षरांना अडखळली. "झालं," दादा म्हणाले, "पाव वाढलाय." दोन दिवसांत नवा चष्मा नाकावर चढला. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा आली. दादांनी पुन्हा काच बदलली. नंतर फिकट निळसर काच झाली, मग खालून जवळचं आणि वरून लांबचं दिसणारी झाली. पुढच्या खेपेला मात्र दादांचा चेहराच उतरला. "मी केलेल्या चष्म्यातून तुला दिसत नाही?" ते इतक्या दुखावल्या आवाजात म्हणाले, की छोटीलाच अपराध्यासारखं वाटलं. त्यानंतर कसं दिसतंय म्हणून विचारलं, की ती "छान" म्हणायला लागली.

छान काही नव्हतं. ती डावखुरी; फळ्यावर चार ओळी लिहिल्या की डावा हात भरून यायचा, खांद्यापासून कोणी पिळल्यासारखा दुखायचा. केस विंचरतानाही तो मधेच खाली ठेवावा लागायचा. म्हणून ती फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात लिहू लागली. मुख्याध्यापकांनी ते पाहिलं आणि विचारलं, "बाई, वरचा अर्धा फळा शाळेने उगाच घेतलाय का?" मागच्या बाकांवरच्या पोरांना खालचं दिसेना, म्हणून ती पोरं उभी राहून वाचू लागली. मुख्याध्यापक व्हरांड्यातून जायचे तेव्हा त्यांना वाटायचं, आपल्याला पाहूनच उभी राहतात. ते खूश झाले आणि फळ्याचा विषय त्यांनी सोडून दिला.

वजन उतरलं. शिक्षकांच्या खोलीतल्या बायका विचारू लागल्या, "काय खाणं सोडलंस ते सांग ना." संध्याकाळी अंगात कसर असायची. घरच्या डॉक्टरांकडे गेली, तर त्यांनी दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला. मशीन फुगलं, सुस्कारलं आणि त्याने काहीच दाखवलं नाही. डॉक्टरांनी ते हलवलं, टेबलावर आपटलं, सेल बदलले. तरी काही नाही. "म्हातारं झालंय," ते मशीनबद्दल म्हणाले, आणि सगळ्यांचा असतो तेवढा आकडा लिहून मोकळे झाले. त्या भेटीत मशीनला नवे सेल मिळाले आणि छोटीला टॉनिक.

वहिनीचं मात्र लक्ष होतं. दुकानावरच्या घराचा जिना चढून आलेली नणंद कठडा धरून डोळे मिटून उभी राहते, हे तिने दोनदा पाहिलं. ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, समोर दाखवून आणा की हिला."

"समोर?" पाव नंबरवाल्यांना खरोखर धक्का बसला. "उद्या गावात तोंड कुठे दाखवू मी? पाव नंबरवाल्याची सख्खी बहीण समोर तपासायला जाते म्हणतील."

"तोंड नंतर दाखवा. आधी डोळे दाखवा तिचे."

"डोळ्यांना काही झालेलं नाही. थांब, तुझ्यासमोरच दाखवतो." त्यांनी छोटीला हाक मारली, खुर्चीत बसवलं, एकेक डोळा झाकून तक्ता वाचायला लावला. तिने उजव्याने शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, डाव्यानेही शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, आणि तोही कुठे न अडखळता. "बघ," दादा विजयाने म्हणाले. "खुर्चीत हिला सगळं दिसतं. घरी दिसत नसेल तर घरात उजेड कमी आहे." आणि त्यांनी त्याच दिवशी वरच्या मजल्यावरचे सगळे दिवे बदलले. माणूस वाईट नव्हता. बहिणीसाठी त्याने काच बदलली होती, दिवे बदलले होते. बदलायचं राहिलं होतं ते स्वतःचं मत.

सुट्टीच्या दिवशी छोटी दुकानात मदत करायची. अशाच एका दुपारी एका गिऱ्हाइकाला नेमकी सगळ्यात वरच्या फळीवरची फ्रेम हवी झाली. छोटी स्टुलावर चढली, मान मागे टाकली आणि दोन्ही हात वर करून खोका धरला. तेवढ्यात खोका हातातून सुटला, फ्रेमा सगळ्या जमिनीवर पसरल्या, आणि ती फळ्यांना धरत धरत तशीच स्टुलावर बसत गेली.

"दादा," ती म्हणाली, "दिवे गेले का?"

दिवे चालू होते. गिऱ्हाइकाने भिडेखातर वर पाहिलं. पाव नंबरवाल्यांनीही पाहिलं आणि ते वरच बघत राहिले. वहिनी मात्र गल्ल्यामागून उठली, फ्रेमा तुडवत पुढे आली, नणंदेचा हात धरला आणि थेट रस्ता ओलांडला.

आता भावाने काय करावं? त्यांनी छोटीचे सगळे चष्मे गोळा केले, पिशवीत भरले, गिऱ्हाइकाला म्हणाले, "जरा दुकानाकडे बघा," आणि मागोमाग निघाले. बहिणीची काळजी होतीच. पण समोरची बाई आपल्या नंबरात खोट काढणार, तेव्हा पुरावा जवळ असलेला बरा, असाही त्यात हिशेब होता.

डॉक्टरीणबाईंनी छोटीला भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला. उजव्या डोळ्याने ती बरीच खाली आली. डावा डोळा दुसऱ्या ओळीला थांबला, आणि पुढे जाईना.

"तुमच्या तक्त्यात काहीतरी खोट आहे," पाव नंबरवाले दारातून म्हणाले. "माझ्याकडे ती डाव्याने शेवटची ओळ वाचते."

उजव्या डोळ्यावर हात तसाच ठेवून छोटी म्हणाली, "दादा, तुझा तक्ता मला पाठ आहे."

"पाठ आहे म्हणजे?"

"त्याच्याखालीच तर अभ्यास करायचे. खालून वरसुद्धा येतो." मग जरा थांबून म्हणाली, "तुला वाईट वाटायचं ना."

पाव नंबरवाल्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. नंतर ती कोणी उघडली नाही.

थेंब पडले. बाहुल्या मोठ्या झाल्या. डोळ्याच्या आतला फोटो काढणाऱ्या यंत्रासमोर छोटीला बसवलं, आणि शेजारच्या पडद्यावर एक केशरी गोल उमटला. त्यात एक फिकट चकती आणि तिच्यातून फुटलेल्या लाल रेषा. जन्मभर डोळ्यांवर पोट भरलेल्या पाव नंबरवाल्यांनी डोळ्याची आतली बाजू आज पहिल्यांदा पाहिली. "हे छोटीचं आहे?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

"हो. हे बारीक लाल ठिपके दिसतात? शिरांना आलेले फुगे आहेत ते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "असे ठिपके मधुमेहात दिसतात. पण यांचं वय बघता मला ते पटेना, आणि बोटातलं रक्त तपासलं तर साखर अगदी व्यवस्थित आहे. आता इकडे बघा. एक वाहिनी रक्त आणते, दुसरी परत नेते. दोघींच्या मधे बारीक जाळं असतं, तिथे डोळ्याला खाणंपिणं मिळतं. इथे ते जाळं ओस पडलंय, आणि या दोघी सरळ एकमेकींना जाऊन मिळाल्यात. चकतीभोवती त्यांचं कडं झालंय."

मग त्यांनी छोटीच्या दंडाच्या शिरेत सुईने रंग सोडला आणि तो डोळ्यात कधी पोचतो ते पडद्यावर पाहत बसल्या. रंग यायचं नाव घेईना. आला तोही रेंगाळत, वाट चुकल्यासारखा. डॉक्टरीणबाई उठल्या आणि त्यांनी छोटीचं डावं मनगट हातात घेतलं. बोटं सरकवली, पुन्हा सरकवली. उजवं मनगट घेतलं. मग कानाला नळ्या लावून मानेवर बराच वेळ ऐकलं.

"डाव्या हाताला नाडी लागत नाही," त्या म्हणाल्या. "उजव्याला आहे, पण नावापुरती."

"असं कसं होईल?" पाव नंबरवाले म्हणाले. "ती तर समोर बसलीय. बोलतेय."

"बोलतेय हे नशीब समजा. यांच्या डोळ्याचा नंबर चुकलेला नाही. डोळा उपाशी आहे. हृदयाकडून वर येणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्याच आतून अरुंद झाल्यात. बसून, मान सरळ ठेवली तर कसंबसं भागतं. उभं राहिलं, मान वर केली, हात वर केले, की वरपर्यंत रक्त पुरत नाही."

बसून भागतं, हे शब्द पाव नंबरवाल्यांना टोचले. त्यांनी आजवर कोणालाच उभं करून तपासलं नव्हतं. मग खुर्ची कशासाठी आहे?

आजाराचं नाव ताकायासू. परदेशात त्याच नावाच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरनेच तो पहिल्यांदा नोंदवला, असंच कडं एका तरुण बाईच्या डोळ्यात पाहून, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. "शरीराची राखण करणारी जी यंत्रणा असते ना, तीच बिथरते. आपल्याच रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर धावून जाते. भिंती सुजतात, जाड होतात, वाट बुजत जाते."

"म्हणजे राखणदारानेच घात करायचा," वहिनी म्हणाली आणि तिने नवऱ्याकडे पाहिलं. डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

पुढे मोठ्या रुग्णालयात छोटीचा जो सोहळा झाला तो काय सांगावा. दुर्मिळ आजार म्हटल्यावर शिकाऊ डॉक्टरांची रांग लागली. जो येई तो तिचं मनगट धरायचा, नाडी लागली नाही की त्याचा चेहरा उजळायचा, आणि तो "लागत नाही" असं पुढच्याला आनंदाने सांगायचा. एकाने चुकून उजवं मनगट धरलं, त्याला नाडी लागली, तर बिचाऱ्याचं तोंडच पडलं. छोटीने त्याला स्वतःहून डावं मनगट दिलं. शेवटी शिक्षिकाच ती, एकही विद्यार्थी मागे राहिलेला तिला चालत नसे.

स्कॅन झाले, औषधं सुरू झाली. सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी तिचा चेहरा चंद्रासारखा गोल झाला, तेव्हा शिक्षकांच्या खोलीतल्या बायका म्हणाल्या, "आता कशी तब्येत सुधारली." हळूहळू ताप गेला, चक्कर थांबली, उजवा डोळा वाचला. हातही पूर्वीइतका भरून येईना. फळा पुन्हा वरपासून भरू लागला, मागची पोरं बसून वाचू लागली, आणि मुख्याध्यापकांनी बैठकीत खंत व्यक्त केली, की अलीकडे शाळेत शिस्त राहिलेली नाही.

डावा डोळा मात्र परत आला नाही. "जो भाग उपासाने गेला तो गेला," डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं. "वर्षभर आधी आला असतात तर दोन्ही राहिले असते."

हे वाक्य पाव नंबरवाल्यांनी ऐकलं, पण दुकानापर्यंत आणलं नाही. दुकानात त्यांनी वेगळंच आणलं. पहिले चार दिवस त्यांना आजाराचं नावही धड घेता येत नव्हतं. महिन्याभरात ते असं घेऊ लागले, की जणू ताकायासू आणि ते एका बाकावर शिकले होते. "दहा लाखांत एखाददुसऱ्याला होतो," ते गिऱ्हाइकाच्या नाकावर चौकट चढवता चढवता सांगायचे, आणि त्यांच्या आवाजात घराण्याचा अभिमान डोकावायचा. "मला पहिल्यापासून शंका होती. म्हटलं, नंबर बरोबर आणि तरी दिसत नाही म्हणजे गोष्ट आतली आहे. गेलो घेऊन समोर." वहिनी आता ओठ हलवत नसे. या गोष्टीतलं पुढचं वाक्य काय असेल ते तिला रोज नव्याने ऐकावं लागायचं.

अशीच एकदा शाळा सुटल्यावर छोटी दुकानात आली. एक गिऱ्हाईक फ्रेमा लावून आरशात बघत होतं. ती गोष्ट नुकतीच सांगून झाली होती. छोटीने ती दारातून सगळी ऐकली.

"आलीस? बस," दादा उत्साहाने म्हणाले. त्यांनी मखमली डबी उघडली. आत एक नाजूक फ्रेम होती. "नवीन काच मागवलीय तुझ्यासाठी. इतकी हलकी, की नाकावर आहे हे कळणार नाही. डाव्यासाठी काहीतरी करूच आपण."

"नको, दादा."

"अगं, बघू तर खरं. उजव्याला पाव वाढवू, आणि डाव्याला..." इथे ते थांबले. डाव्याला काय, ते त्यांच्या भिंगांच्या पेटीत नव्हतं.

छोटी खुर्चीत बसली नाही. तिने उभ्या उभ्याच उजवा डोळा हाताने झाकला. "डाव्याने मधलं काहीच दिसत नाही," ती म्हणाली. "कडेचं थोडं दिसतं. आता तू समोर आहेस, तर तुझा खांदा दिसतोय. चेहरा नाही दिसत."

इतक्या दिवसांत ती "छान" सोडून पहिल्यांदाच काही सांगत होती. पाव नंबरवाले घाबरले, आणि घाबरले की ते नेहमी रागवायचे. "हे तू मला तेव्हाच सांगायला हवं होतंस," ते म्हणाले. "एका शब्दाने तरी सांगायचं."

"सांगितलं होतं," छोटी म्हणाली. "तू काच बदललीस."

तिच्या आवाजात राग नव्हता. गणित कुठल्या पायरीला चुकलं ते पोराला दाखवावं तितक्या सरळपणे तिने ते सांगितलं. आरशासमोरचं गिऱ्हाईक फ्रेम हातात धरून अवघडलं. वहिनीने गल्ल्यावरून मान वर केली, कारण नवऱ्याचं उत्तर काय येतंय याची तिला खरंच उत्सुकता होती. पाव नंबरवाल्यांनी तोंड उघडलं. तक्त्याचं नाव घेऊन झालं होतं, उजेडाचं झालं होतं, आत्ताच छोटीचंही झालं होतं. आता ज्याचं घ्यायचं राहिलं होतं तो एकच माणूस होता. त्याची त्यांना मनापासून लाज वाटली, आणि तोंडातून शब्द यायच्या ऐवजी डोळ्यांतून पाणी आलं, तेही भर दुकानात, गिऱ्हाइकासमोर.

छोटी पुढे झाली आणि तिने त्यांच्या नाकावरचा चष्मा अलगद काढून घेतला.

"चष्मा काढून रडावं, दादा," ती म्हणाली. "काच खराब होते."